अण्णा आणि डोरशेट

रोपाच्या बुंध्याला तारेने बांधलेल्या पट्टीवर
नाव होतं ‘अ‍ॅना’.
सुपडूने वाचलं अण्णा, आणि तेच राहिलं.
दुसऱ्या पट्टीवर डॉर्सेट. तो झाला डोरशेट,
जणू पिंपळनेरच्या बाजारात त्याचं दुकान असावं
गुळाचं आणि दोरखंडाचं.

अण्णाचं मूळ वाळवंटालगतच्या एका देशात.
तिथे कुणीतरी थंड मुलखातलं सोनेरी सफरचंद
उन्हाला सरावलेल्या एका झाडाशी लावून दिलं.
डोरशेटचं तर गोत्रच धड नाही:
दूर कुठल्याशा बेटावर
कुणाच्या परसात बियांतून वर आलेला.
दोघांची गाठ पडली पांझरेकाठी,
कांद्याच्या वाफ्यांपलीकडे.
एकमेकांवाचून फळ नाही,
एवढंच सुपडूला रोपवाल्याने बजावून सांगितलं होतं.

आणि थंडी.
सात अंशांखालचा प्रत्येक तास
हे झाड मनात जमा करतं, मी म्हणालो.
गोजरबाई हसली:
“मना नातू पाढा चुकस,
नि हाई झाड थंडी मोजस?”

मग मीच मोजायला बसलो.
शाळेच्या प्रयोगशाळेतला, निवृत्तीच्या दिवशी
परत करायचा राहून गेलेला थर्मामीटर,
हजेरीपटाचं कोरं पान.
पहाटे चार तास. दुसऱ्या दिवशी सहा.
ढग आले, शून्य.
संक्रांतीपर्यंत बेरीज एकशे अकरा.
माहितीपत्रकात लिहिले होते तीनशे.

पानं काही गळेनात.
इथल्या हिवाळ्यावर झाडाचा विश्वास नव्हता.
तेव्हा गोजरबाईने एकेक पान हाताने ओरबाडलं,
फांद्यांना विटा टांगून आडव्या केल्या,
बुंध्याला चुना फासला,
आणि उघड्याबोडक्या अण्णाला म्हणाली,
“आते जप.”
झोप आता, म्हणून.

डोरशेट मात्र दिवाळीतच गेला.
वाळवी. हलवला तर मुळासकट हातात आला.

माघात अण्णा फुलला,
गुलाबी कळ्या, उमलल्या की पांढऱ्या,
आणि मधमाश्या नुसत्याच येऊन जात राहिल्या.
सुपडू तीन दिवस काही बोलला नाही.
चौथ्या दिवशी कासाऱ्याच्या एका बागेतून
डोरशेटची फुललेली फांदी
पाण्याच्या बादलीत उभी करून
एस.टी.ने घेऊन आला.
कंडक्टरने विचारलं, हे काय?
“नवरदेव शे.”
अर्धं तिकीट फाडलं म्हणतात. मी पाहिलं नाही.
बादली अण्णाच्या खांद्याला टांगलेली
मी पाहिली. वाऱ्याने हलायची,
पाणी सांडायचं, सुपडू पुन्हा भरायचा.

सतरा धरली. आठ त्याने स्वतः खुडली,
सुपारीएवढी असतानाच,
तोंड दुसरीकडे करून.
चैत्रात पारा त्रेचाळीसवर.
गोजरबाईचं जुनं लुगडं झाडावर सावलीला.
तीन उन्हाने भाजली, एका गालावर तपकिरी डाग.
दोन राघूंनी नेली.

उरली चार. लांबट, खाली निमुळती,
हिरवट-पिवळी, उन्हाकडची बाजू लाल.
पहिलं कापलं आम्ही वैशाखात,
काश्मीरची फळं तिकडे अजून कच्ची असताना.
आंबटगोड, बोरासारखं करकरीत,
आणि पाणीच पाणी.
मी म्हणालो, हे टिकत नाही फार,
आठवड्यात मऊ पडतं.
“मंग आठ दिनमा खाई ल्या.”

बिया निघाल्या पाच.
बी आईबापावर जात नाही, मी सांगितलं,
कलमच करावं लागतं,
बियांतून काय उगवेल कुणी सांगावं.
शिवाय बीलाही उगवण्याआधी थंडी लागते,
आणि हा तर मे महिना.

गोजरबाईने ऐकून घेतलं.
बिया ओल्या फडक्यात बांधल्या,
माठाखाली, जिथे पाणी झिरपतं,
तिथे ठेवल्या.

हजेरीपटाचं पान संपलं होतं.
मी उलटून मागच्या बाजूला लिहिलं:
बाहेर बेचाळीस.
माठाखाली तेवीस.
फडकं ओलं.